दांतेचे केस काळे झाले, पण दुखणं बोटांचं होतं

२०१३ सालच्या 'डीएमसी: डेव्हिल मे क्राय' या व्हिडिओ गेमचा विषय निघाला की अजूनही गाडी त्याचा हिरो दांते याच्या केसांवर येऊन थांबते. काळे केस, काटकुळी अंगकाठी, तोंडात शिव्या, हा कसला दांते! बाजू घेणारेसुद्धा तिथेच अडकलेले असतात. त्यांच्या मते जुन्या चाहत्यांना बदल सोसवत नाही, केसांच्या रंगावरून रडणारी पोरं आहेत ही. मला दोन्ही बाजू पटत नाहीत. चाहते चिडले होते हे खरं आणि चिडायला कारणही होतं. फक्त त्यांनी जे कारण मोठ्याने सांगितलं, ते खरं कारण नव्हतं.

ज्यांनी ही मालिका खेळलेली नाही त्यांच्यासाठी थोडी मागची गोष्ट. पहिला 'डेव्हिल मे क्राय' २००१ मध्ये प्लेस्टेशन २ वर आला. बनायला घेतला होता 'रेसिडेंट इव्हिल ४' म्हणून, पण फारच वेगळीकडे चालला म्हणून कॅपकॉम या जपानी गेम कंपनीने त्याला स्वतंत्र संसार थाटून दिला. दिग्दर्शक हिदेकी कामिया. शत्रूला तलवारीने हवेत उडवायचं आणि खाली पडू न देता तिथल्या तिथे झोडपत राहायचं, ही या मालिकेची खरी ओळख. ती कामियाला सुचली कॅपकॉमच्याच 'ओनिमुशा' या गेममधल्या एका बगवरून, म्हणजे प्रोग्राममधल्या चुकीवरून. म्हणजे आधी बोटांना एक गंमत सापडली आणि बाकीचा गेम तिच्याभोवती उभा राहिला. लाल कोट, पांढरे केस, राक्षस बाप आणि माणूस आई, हे सगळं त्या गमतीवर चढवलेले कपडे.

विश्वास बसत नसेल तर २००३ चा दुसरा भाग आठवा. तोच दांते, तेच पांढरे केस, तोच लाल कोट. आणि तरीही या मालिकेतला सगळ्यात नावडता भाग कोणता असं विचारलं की बहुतेक लोक त्याच्याकडेच बोट दाखवतात. शत्रू इतके मठ्ठ की लांब उभं राहून पिस्तुलाचं बटण दाबत राहिलं तरी बॉस, म्हणजे टप्प्याच्या शेवटचा मोठा शत्रू, आडवा होतो. उलट २००८ चा चौथा भाग बघा. नीरो नावाचा नवाच पोरगा हिरो म्हणून आणला, दांते हातात येईपर्यंत निम्मा गेम सरतो, आणि आल्यावर त्याला घेऊन त्याच वाटेने उलटं चालायचं. आळशीपणाचा कळस. लोक कुरकुरले, आणि तरी तो भाग आजही खेळतात, त्यातल्या कॉम्बोंचे, म्हणजे न थांबता जोडलेल्या वारांच्या मालिकांचे, व्हिडिओ आजही टाकतात. कारण त्यात दांतेच्या चार स्टाइल, म्हणजे लढायच्या पद्धती, चालू लढाईत, हवेत असताना बदलता येत होत्या. हाताला काम होतं.

आता नव्या दांतेकडे. सप्टेंबर २०१०, टोकियो गेम शो. कॅपकॉमने जाहीर केलं की पुढचा भाग जपानमध्ये बनणार नाही, इंग्लंडमधल्या केंब्रिजचा निन्जा थिअरी हा स्टुडिओ बनवणार. पुढचं पान नव्हे, पाटी कोरी करून. ट्रेलरमध्ये एक किडकिडीत, काळ्या केसांचा, सिगारेट ओढणारा पोरगा. तिथून जो गदारोळ सुरू झाला तो गेम बाजारात आला तरी थांबला नाही. हा गेम दुकानांतून काढून टाकावा असा अर्ज कुणीतरी चक्क व्हाइट हाउसच्या संकेतस्थळावर टाकला. ओबामांना तेवढंच काम उरलं होतं!

निर्मात्यांनीही आगीत तेल ओतलंच. गेमच्या सुरुवातीलाच एक प्रसंग आहे. मारामारीत कुठूनतरी एक पांढरा टोप उडत येऊन दांतेच्या डोक्यावर बसतो. तो आरशात बघतो, आपलं असं ध्यान कधीच होणार नाही म्हणतो आणि टोप भिरकावून देतो. शेवटी त्याचे केस खरंच पांढरे होतात, म्हणजे विनोदाचं उत्तर गेममध्येच दिलंय. पण आधीच बिनसलेल्या प्रेक्षकाला पहिल्या अर्ध्या तासात वाकुल्या दाखवल्यावर शेवटापर्यंत थांबतंय कोण?

तरीही एक गोष्ट लक्षात घ्या. जुन्या दांतेचा वेश तेव्हा वेगळे पैसे मोजून मिळत होता. पांढरे केस, लाल कोट, सगळं. ज्याला फक्त केसांचं दुःख होतं त्याचं दुखणं त्या वेशाने थांबायला हवं होतं. कुणाचंच थांबलं नाही.

कारण गडबड कंट्रोलरवर होती. जुन्या भागांत आर१ हे बटण धरून ठेवलं की दांते एका शत्रूवर नजर रोवायचा. मग त्रिकोणाचं बटण दाबताना अंगठ्याखालची काठी (स्टिक) पुढे ढकलली की स्टिंगर, म्हणजे तलवारीचं टोक पुढे करून थेट अंगावर धाव. काठी मागे ओढली की शत्रू हवेत. एकच बटण, आणि तुमचा अंगठा कुठल्या दिशेला आहे त्यावर ठरणारे तीन वेगळे वार. हे अंगवळणी पडलं की डोकं मध्ये येत नाही, बोटं आपलीआपण लढतात. नव्या गेममध्ये हे नजर रोवणं, म्हणजे लॉक-ऑनच काढून टाकलं. शत्रूला उडवायला गोलाचं वेगळं बटण दिलं, स्टिंगरसाठी काठी दोनदा पुढे मारून मग त्रिकोण. आणि मोकळी झालेली एल१ आणि आर१ ही दोन बटणं? दोन्हींना एकच काम, चुकवायचं. जिथे लॉक-ऑन सहज बसलं असतं तिथे एकच चाल दोनदा लावून ठेवली. हे मला आजवर कळलेलं नाही.

लॉक-ऑन नसल्याने काय होतं ते 'विच' नावाच्या शत्रूशी लढताना कळतं. ही बया मागे हवेत तरंगत राहते, लांबून तलवारी फेकते आणि पुढच्या राक्षसांना कवच पुरवते. आधी तिला गाठायचं हे उघड आहे. पण तिच्याकडे तोंड करून चाल केली की गेम स्वतःच ठरवतो की तुम्हाला हा समोरचा फालतू राक्षस मारायचा असणार. तुम्ही ज्याला मारायला निघालात तो वेगळा आणि तलवार घुसते भलत्यालाच. असं वारंवार झालं की माणूस चिडतो, आणि चिडलेला माणूस कंट्रोलरच्या बटणांवर निबंध लिहीत बसत नाही. समोर जे दिसतं त्यालाच शिव्या देतो. समोर दिसत होते काळे केस.

दुसरी गोष्ट वेगाची. जुने भाग सेकंदाला ६० फ्रेम्सने, म्हणजे ६० चित्रांनी, पळायचे, हा कन्सोलवर ३० ने. गेम ज्यावर बांधला ते अनरिअल इंजिन ३ हे सॉफ्टवेअर, जुने होत आलेले प्लेस्टेशन ३ आणि एक्सबॉक्स ३६०, त्यात सतत मोडणारं-वाढणारं शहर. ६० काढणं अवघडच होतं. पण या प्रकारच्या गेममध्ये फ्रेम म्हणजे नुसतं देखणेपण नव्हे. शत्रूचा हात वर गेलेला दिसला आणि तुम्ही बटण दाबलं, या दोन क्षणांमधल्या फ्रेम्सच निम्म्या होतात.

आणि इथे आपल्याकडची एक गंमत. माझ्या ओळखीतल्या बहुतेकांनी हा गेम पीसीवर खेळला, कारण कन्सोल घरात असणं तेव्हा चैनीत मोडायचं. पीसीची आवृत्ती त्याच जानेवारीत दहा दिवसांनी आली, आणि कामचलाऊ ग्राफिक्स कार्ड असलं तरी ६० च्या पुढे पळायची. त्यामुळे आमच्या मंडळीत या गेमबद्दलचं मत नेहमीच मवाळ. परदेशातली पोरं इतकी का भडकलीत हे इथे कुणाला कळायचं नाही. अनेकांचा तर हा पहिलाच डेव्हिल मे क्राय होता. एकाच गेमबद्दल दोन टोकाची मतं असतात तेव्हा कोण कशावर खेळला हे आधी विचारावं, असं मी तेव्हापासून म्हणत आलोय.

रंगीत शत्रूंचा वैताग मात्र सगळीकडे सारखाच होता. निळ्या शत्रूला देवदूतांची शस्त्रं, लाल शत्रूला राक्षसी शस्त्रं. चुकीचं वापरलं तर वार टणकन परत. ज्या मालिकेत 'काय वाटेल ते वापर, पण झोकात वापर' हाच नियम, तिथे लहान मुलांच्या रंग ओळखायच्या पुस्तकासारखी कोडी घातली. लाल आणि निळे एकत्र आले की कॉम्बो संपला, नुसती बटणांची बदलाबदली. वर गुणांची खिरापत. एसएसएस म्हणजे जुन्या भागांत घाम गाळून मिळवायचा शेरा. इथे मोठी कुऱ्हाड दोनचारदा नीट आपटली तरी त्याच्या आसपास पोचता यायचं. फुकट मिळालेल्या शाबासकीत मजा नसते.

आता चांगलंही सांगतो, कारण ते कमी नाहीये. लिंबो सिटीची कल्पना मला या मालिकेतली सगळ्यात भन्नाट वाटते. शहरच दांतेला मारायला उठलेलं असतं. गल्ली चालता चालता ताणली जाते, भिंती दोन्ही बाजूंनी चेपायला येतात, त्याला ठार करायची आज्ञा मोठ्या अक्षरांत भिंतींवर उमटते. बॉब बार्बस नावाचा वृत्तनिवेदक आहे, वरून देशभक्त, आतून राक्षस. त्याच्याशी लढाई होते ती त्याच्याच बातम्यांच्या चॅनेलच्या ग्राफिक्समध्ये घुसून. समोर भलंमोठं डिजिटल डोकं, चहूकडे बातम्यांचा धुरळा, आणि मधेच हेलिकॉप्टरमधून काढल्यासारख्या चित्रीकरणात दांते राक्षस कापत असतो. रात्री नऊच्या चर्चा बघणाऱ्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. संगीत नॉइझिया आणि कॉम्बिक्रिस्टचं, त्यात खोट काढायला जागा नाही. लढाईतही नवीन काही दिलं होतंच. एल२ धरून स्वतः शत्रूकडे खेचलं जायचं, आर२ धरून शत्रूला आपल्याकडे ओढायचं, आणि या दोन्हींवर जमिनीला पाय न लावता अख्खी टोळी संपवायची. हे ज्याला जमलं त्याने या गेमला टाकाऊ म्हणून दाखवावं.

संवाद मात्र भिकार. सक्युबस ही राक्षसीण आणि दांते समोरासमोर उभे राहून एकमेकांना तीच ती शिवी घालतात, तो प्रसंग मी आवाज बंद करून बघतो. जुना दांतेही बालिशच होता, पिझ्झा खात राक्षसांना मारायचा, क्षेपणास्त्रावर उभा राहून फिरायचा. पण त्याच्या बालिशपणात मौज होती, याच्यात नुसता आव.

समीक्षकांनी १०० पैकी ८५ च्या आसपास गुण दिले, खेळणाऱ्यांनी कितीतरी कमी. कॅपकॉमने आधी २० लाख प्रतींचा अंदाज बांधला होता तो १२ लाखांवर आणला. मग 'समीक्षक विकले गेले' आणि 'चाहते वेडे झाले' हे दोन्ही आरोप झाले. मला तर दोघेही आपापल्या जागी बरोबर वाटतात. आठ-दहा तासांत कथा संपवून लेख लिहिणाऱ्याला लिंबो सिटी दिसली. वर्षानुवर्षं त्याच लढाया घासणाऱ्याला एल१-आर१ दिसलं.

आणि मग मार्च २०१५ मध्ये याच गेमची सुधारलेली 'डेफिनिटिव्ह एडिशन' आली. माझ्या म्हणण्याला याहून चांगला साक्षीदार मिळणार नाही. काय बदललं? ६० फ्रेम्स. लॉक-ऑन परत. लाल-निळ्या शत्रूंचा जाच कमी, आता त्यांना कुठल्याही शस्त्राने मारता येतं. हार्डकोअर मोड, ज्यात शेरा मिळवायला पुन्हा कष्ट. कमी वाटलं तर गेम २० टक्के वेगाने पळवणारा टर्बो मोड. दांतेचे केस? काळेच. अंगकाठी तीच, शिव्या त्याच. आणि ज्यांनी आधी नावं ठेवली होती त्यांच्यातलेच कितीतरी म्हणू लागले की अरे, हा तर चांगला गेम आहे. म्हणजे निन्जा थिअरीचे कान चांगले होते. आरडाओरड्यातून कामाची तक्रार वेगळी काढायला फक्त दोन वर्षं लागली.

इथे कुणीतरी 'गॉड ऑफ वॉर' या दुसऱ्या मालिकेचं उदाहरण देणार, म्हणून आधीच बोलतो. २०१८ च्या भागाने तर हात पूर्ण बदलून टाकले. कॅमेरा खांद्यामागे, उडी मारायचं बटणच गायब, साखळीच्या तलवारींऐवजी कुऱ्हाड. मग तो का चालला? एक तर तिथला हिरो क्रेटॉस तोच राहिला, त्याच्या पापांसकट म्हातारा झाला. दुसरं म्हणजे फेकलेली कुऱ्हाड सपकन हातात परत येते ना, त्या एका झटक्यासाठी लोकांनी उडी माफ केली. सगळ्यांनी नाही. माझा एक मित्र आजही उडीच्या नावाने खडे फोडतो आणि मला त्याचं पटतंही. पण त्या मालिकेचा जीव कधीच हवेतल्या कॉम्बोमध्ये नव्हता, त्यामुळे तिथे हात घातला तरी चाललं. डेव्हिल मे क्रायचा जीव तिथेच होता.

२०१९ मध्ये हिदेआकी इत्सुनोच्या दिग्दर्शनाखाली पाचवा भाग आला, जुना दांते दाढी वाढवून परतला, आणि काळ्या केसांच्या पोराची गोष्ट तिथेच राहिली. त्याच्या आदल्या वर्षी निन्जा थिअरी मायक्रोसॉफ्टने विकत घेतला होता. त्यामुळे या गेमचा दुसरा भाग निघेल अशी आशा मी तरी सोडून दिलीय.

आता कुणी विचारेल, यातला कुठला घ्यावा? प्लेस्टेशन ४ किंवा एक्सबॉक्स वन असेल तर डोळे मिटून डेफिनिटिव्ह एडिशन. पीसीवाल्यांनो, तुमच्यासाठी वाईट बातमी. ती सुधारलेली आवृत्ती कॅपकॉमने पीसीवर कधी आणलीच नाही. फ्रेम्स आपल्याकडे आधीपासून होत्या, लॉक-ऑन आजही नाही. विच दिसली की आधी पुढच्या राक्षसांना आर२ ने एका बाजूला ओढून न्या, मग मोकळ्या रेषेत एल२ मारून तिच्या अंगावर जा. जमतं, सवयीने.