‘मला तर कुणी विचारलं नाही’

तरुणांबद्दलचं एखादं सर्वेक्षण बातमीत आलं की पाठोपाठ एक मजकूर फिरायला लागतो. शब्द बदलतात, मुद्दे तेच असतात. हजार-दीड हजार लोकांना विचारून कोट्यवधींचं मत कळत नाही. मला आजवर कुणी विचारलेलं नाही. लोक खोटं बोलतात. प्रश्न फिरवला की उत्तर फिरतं. तरुणांच्या मनातलं कळायला हवं असेल तर सोशल मीडिया बघा. थोडक्यात काय, तर सर्वेक्षणं म्हणजे थोतांड. हा मजकूर पुढे पाठवणाऱ्यांत चांगली विचारी माणसंही असतात, म्हणून त्याचं एकेक वाक्य घेऊन बोलायला हवं.

‘मला कुणी विचारलं नाही.’

नसणारच विचारलं. 10 कोटी प्रौढांतून 1,500 जण निवडायचे, तर एका वेळी तुमचं नाव निघण्याची शक्यता साधारण 67,000 मध्ये एक. असं सर्वेक्षण दर महिन्याला, सलग 40 वर्षं केलं तरी ती 140 मध्ये एकाच्या आसपास जाते. तुमच्या ओळखीत कुणालाच फोन आलेला नसणं हे या हिशोबाला धरूनच आहे.

‘हजार-दीड हजार म्हणजे किस झाडाची पत्ती?’

आकडा मोठा असला की खरेपणा वाढतो, ही समजूत 1936 मध्येच तोंडावर आपटली. अमेरिकेतल्या ‘लिटररी डायजेस्ट’ या साप्ताहिकानं अध्यक्षीय निवडणुकीआधी सुमारे 1 कोटी मतपत्रिका टपालानं पाठवल्या. 20 लाखांहून जास्त भरून परत आल्या आणि साप्ताहिकानं रूझवेल्ट यांचे रिपब्लिकन प्रतिस्पर्धी लँडन जिंकणार असं छापलं. प्रत्यक्षात रूझवेल्ट 48 पैकी 46 राज्यं घेऊन गेले. जनमत चाचण्या घेणाऱ्या जॉर्ज गॅलपनं त्याच्या कितीतरी कमी लोकांना विचारून रूझवेल्टचा विजय सांगितला होता. साप्ताहिकाच्या याद्या टेलिफोन आणि मोटारी बाळगणाऱ्यांच्या होत्या, म्हणजे मंदीच्या काळात बऱ्यापैकी खाऊनपिऊन सुखी माणसांच्या. त्यातही ज्यांना मत कळवायची खुमखुमी होती त्यांनीच उत्तरं धाडली.

चिठ्ठ्या टाकल्यासारखी, कुणाचीही निवड होऊ शकेल अशा रीतीनं 1,000 माणसं घेतली तर चूक साधारण 3 टक्के इकडे किंवा तिकडे राहते. देशाची लोकसंख्या 1 कोटी असो वा 100 कोटी, त्यानं फारसा फरक पडत नाही.

मात्र आक्षेप घेणाऱ्यांनी जिथे बोट ठेवायला हवं ती जागा ते सोडूनच देतात. 1,500 जणांच्या नमुन्यात 18 ते 24 वयाचे फार तर दीड-दोनशे निघतात. त्यांच्यापुरती चूक 7-8 टक्क्यांवर जाते. मग ‘तरुणांमध्ये 5 टक्क्यांची घसरण’ असा मथळा आला, तर घसरण खरी की नुसता नमुन्याचा खेळ, हे त्या एका आकड्यावरून सांगता येत नाही.

‘लोक खोटं बोलतात.’

बोलतात, आणि तरुणांच्या बाबतीत हा मुद्दा वाटतो त्याहून गंभीर आहे. डिसेंबर 2023 मध्ये अमेरिकेतली एक ऑनलाइन पाहणी जगभर गाजली. तिशीच्या आतल्या 5 पैकी 1 जणाला ज्यूंचा वंशसंहार ही दंतकथा वाटते, असा तिचा आकडा होता. ‘या पिढीचं काय होणार’ छापाचे लेख लगोलग आले. प्यू रिसर्च सेंटर या अमेरिकी सर्वेक्षण संस्थेनं तोच प्रश्न स्वतःच्या पॅनेलला, म्हणजे पुन्हापुन्हा विचारता येईल अशा ठरलेल्या गटाला, विचारला. त्या पॅनेलमधली माणसं घरांच्या पत्त्यांतून यादृच्छिक पद्धतीनं, म्हणजे चिठ्ठ्या टाकल्यासारखी, निवडलेली असतात. तिथे तिशीच्या आतल्यांत हे प्रमाण 3 टक्के निघालं.

एवढा फरक कुठून आला? प्यूनंच एका खुल्या ऑनलाइन पाहणीत लोकांना विचारून पाहिलं होतं की तुमच्याकडे अणुपाणबुडी चालवायचा परवाना आहे का. तिशीच्या आतले म्हणवणाऱ्यांपैकी 12 टक्के ‘हो’ म्हणाले! अशा पाहण्यांत कुणीही स्वतःहून नाव नोंदवू शकतो आणि भरलेल्या प्रश्नावलीमागे थोडंफार बक्षीस मिळतं. मग काहीजण न वाचता ‘हो’, ‘हो’ दाबत सुटतात, आणि वयाच्या रकान्यात बऱ्याचदा तरुण असल्याचं ठोकून देतात. त्यामुळे सगळ्यात खळबळजनक ‘तरुणांची मतं’ नेमकी याच पाहण्यांतून निघतात, आणि त्यातली काही तरुणांची नसतातच. सर्वेक्षण म्हटलं की खोटं, असं म्हणण्यापेक्षा माणसं निवडली की स्वतः चालून आली, एवढं एक विचारलं तरी बराचसा कचरा वगळता येतो.

‘प्रश्न फिरवला की उत्तर फिरतं.’

शंभर टक्के कबूल. 1948 मध्ये अमेरिकनांना विचारलं गेलं की कम्युनिस्ट देशांच्या बातमीदारांना इथे येऊन हवं ते लिहून पाठवू द्यावं का. हा प्रश्न आधी विचारला तेव्हा 36 टक्के ‘हो’ म्हणाले. ‘आपल्या बातमीदारांना रशियात तशी मुभा असावी का’ हे आधी विचारून मग तोच प्रश्न टाकला, तेव्हा 73 टक्के. समोरच्याला न्यायाची आठवण करून दिली आणि आकडा दुप्पट झाला. पण हे उघडकीला आणलं कुणी? सर्वेक्षण करणाऱ्यांनीच. 1970 च्या दशकात सिनसिनाटीत संशोधकांनी अस्तित्वातच नसलेल्या एका कायद्याबद्दल मत विचारलं, तर सुमारे एकतृतीयांश लोकांनी ते बिनदिक्कत दिलं. असल्या खोड्या या क्षेत्रातली माणसं स्वतःच काढत आली आहेत. म्हणून चांगल्या सर्वेक्षणात प्रश्न शब्दशः छापलेला असतो. तो छापलेला नसेल तर नुसता आकडा वाचण्यात वेळ घालवू नये.

‘त्यापेक्षा सोशल मीडिया बघा.’

म्हणजे पुन्हा लिटररी डायजेस्टच. 2019 मध्ये प्यूनं तपासलं तेव्हा ट्विटर वापरणाऱ्या अमेरिकन प्रौढांपैकी 10 टक्के जण एकूण ट्विट्सपैकी 80 टक्के करत होते. मधल्या फळीतला माणूस महिन्याला दोनदा लिहीत होता. तरुण तिथे आहेत, पण लिहिणारे तरुण वेगळे आणि नुसते वाचणारे वेगळे. सर्वेक्षणांनाही यावरून ऐकवता येईल, कारण फोनवर उत्तर देणारेही घटले आहेत. प्यूच्या फोन सर्वेक्षणांना 1997 मध्ये 36 टक्के प्रतिसाद होता, 2018 मध्ये 6 टक्के. फिरणाऱ्या मजकुरात हा आकडा कधीच नसतो, आणि खरं तर तो पाठवणाऱ्यांच्या बाजूचा सगळ्यात दमदार पुरावा तोच आहे.

आणखी एक आक्षेप त्यांच्या हातून सुटतो. 2016 मध्ये एक आलेख खूप फिरला. लोकशाहीत राहणं ‘अत्यावश्यक’ मानणारे अमेरिकन दुसऱ्या महायुद्धाआधी जन्मलेल्यांत 72 टक्के, तर 1980 नंतर जन्मलेल्यांत 30 च्या आसपास. तरुणांनी लोकशाही सोडली, असा गवगवा झाला. आकडे अनेक देशांत होणाऱ्या वर्ल्ड व्हॅल्यूज सर्व्हेचे, म्हणजे सर्वेक्षण दर्जेदार, माणसंही नीट निवडलेली. पण प्रश्नात 1 ते 10 अशी मोजपट्टी होती आणि आलेखात फक्त 10 देणारेच मोजले होते. 9 देणारा आणि 1 देणारा एकाच पारड्यात! सरासरी काढली की पिढ्यांमधली दरी बरीच अरुंद होते. शिवाय प्रश्न तेव्हा मोजक्याच फेऱ्यांत विचारला गेला होता. तरुण आहेत म्हणून असं म्हणतात की या पिढीचे आहेत म्हणून, हे त्यावरून ठरवायला वाव नव्हता.

ते ठरवायला एकच प्रश्न वर्षानुवर्षं त्याच शब्दांत विचारावा लागतो. जर्मनीत शेल युवा अभ्यास 1953 पासून, तर अमेरिकेत जनरल सोशल सर्व्हे 1972 पासून चालू आहे. ब्रिटिश सोशल अ‍ॅटिट्यूड्स हे ब्रिटनमधलं सर्वेक्षण सुरू झालं 1983 मध्ये. समलिंगी संबंधांत काहीच गैर नाही असं तेव्हा 17 टक्के ब्रिटिश म्हणाले होते, 2022 मध्ये 67 टक्के. 1983 मधले विशीतले लोक 2022 मध्ये साठीच्या आसपास होते. नुसती नवी पिढी येऊन एवढी उडी होत नाही. वाढत्या वयात माणसांनीही मत बदललं, आणि ‘म्हातारे बदलत नाहीत’ या दुसऱ्या लाडक्या समजुतीला त्या आकड्यांत जागा उरत नाही.