अणुपाणबुडी बाजारात मिळत नाही

स्वदेशी अणुपाणबुडीची बातमी आली की एक मजकूर हमखास समाजमाध्यमांवर फिरू लागतो. त्यातला दावा थोडक्यात असा: मुंबईच्या माझगाव डॉक या जहाजबांधणी कारखान्यात परदेशी भागांची नुसती जोडणी होते, पाणबुडीचा आराखडा आपल्याला कधी जमला नाही, जमणारही नाही, 'अरिहंत' ही अणुपाणबुडी आहे, मग आणखी वेगळी कशाला, ड्रोनच्या जमान्यात पाणबुड्या कालबाह्य झाल्यात, आणि हवीच असेल तर फ्रान्स किंवा रशियाकडून तयार घ्या, स्वस्त आणि लवकर मिळेल. ऑक्टोबर 2024 मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाच्या सुरक्षाविषयक समितीने अणुशक्तीवर चालणाऱ्या दोन हल्लेखोर पाणबुड्या देशातच बांधायला मंजुरी दिली, तिच्यावर या मजकुराचा रोख आहे. माझ्या मते नौदलाच्या बाबतीत गेल्या कित्येक वर्षांत इतका मोलाचा निर्णय झालेला नाही. म्हणून एकेक मुद्दा घेतो.

'नुसती जोडणी होते.' हे लिहिणाऱ्याने वेल्डिंगचं काम कधी जवळून पाहिलेलं दिसत नाही. 300 मीटर खोलीवर पाणबुडीच्या कवचाच्या प्रत्येक चौरस मीटरवर सुमारे 300 टन भार येतो. हा भार पेलायला कवच जवळजवळ अचूक गोल असावं लागतं; गोलाईत थोडा फरक पडला तरी ताकद झपाट्याने घटते. त्यासाठी लागणारं उच्च ताकदीचं पोलाद वेल्डिंगच्या बाबतीत फार हट्टी असतं. आधी ते ठरावीक तापमानापर्यंत गरम करायचं, काम चालू असेपर्यंत ते तापमान टिकवायचं, एकावर एक थर देत जायचं. हयगय झाली की सांधा थंड झाल्यावर, कधी कधी दुसऱ्या दिवशीसुद्धा, आतल्या आत बारीक चीर पडते. ती डोळ्यांना दिसत नाही. म्हणून सांध्यांची क्ष-किरणांनी तपासणी होते, आणि दोष निघाला की तेवढा भाग कोरून पुन्हा भरावा लागतो. मुंबईच्या कामगारांनी हे 'शल्की' आणि 'शंकुल'वर केलं, मग 'कलवरी'पासून 'वाघशीर'पर्यंत सहा पाणबुड्यांवर केलं.

मात्र या मुद्द्यात अर्धं सत्य आहे आणि ते टाळता कामा नये. बांधणी आपली असली तरी आराखडा आपला नव्हता. 'शल्की'चा जर्मन, 'कलवरी'चा फ्रेंच. आराखडा दुसऱ्याचा असला की काय होतं ते पाहा. डीआरडीओ या सरकारी संरक्षण संशोधन संस्थेने स्वतःचा जड टॉर्पेडो, म्हणजे पाण्याखालून मारा करणारं अस्त्र, विकसित केला. तो 'कलवरी' वर्गाच्या पाणबुड्यांत बसवण्यासाठी डिसेंबर 2024 मध्ये संरक्षण मंत्रालयाला फ्रान्सच्या नेव्हल ग्रुप या पाणबुड्या बांधणाऱ्या कंपनीशी सुमारे 877 कोटींचा करार करावा लागला. टॉर्पेडो आपला, पाणबुडी मुंबईत बांधलेली, तरीही आराखडाकाराच्या दारात जावं लागलं. अंबरनाथच्या नौदल सामग्री संशोधन प्रयोगशाळेने बनवलेल्या इंधन-घट यंत्रणेलाही, जिच्यामुळे पाणबुडी जास्त दिवस पाण्याखाली राहू शकते, हाच वळसा पडला. म्हणजे हा मजकूर ज्या उणिवेवर बोट ठेवतो तिच्यावर स्वतःचा आराखडा हाच इलाज आहे, आणि नेमका त्यालाच तो विरोध करतो.

'आपल्याला जमलं नाही.' का जमलं नाही, हे मजकुरात कुठेच नाही. 1981 मध्ये एचडीडब्ल्यू या जर्मन कंपनीशी करार झाला: दोन पाणबुड्या कीलमध्ये आणि दोन मुंबईत. आपले अभियंते आणि वेल्डर जर्मनीत शिकून आले. 1987 मध्ये दलालीचे आरोप झाले आणि पुढच्या पाणबुड्यांचं काम थांबलं. 'शल्की' 1992 मध्ये नौदलात आली, 'शंकुल' 1994 मध्ये. त्यानंतर 2005 मध्ये स्कॉर्पीनचा, म्हणजे 'कलवरी' वर्गाच्या फ्रेंच पाणबुड्यांचा, करार होईपर्यंत माझगावला पाणबुडीचं नवं काम मिळालं नाही. शिकलेली माणसं इतर कामांना लागली, निवृत्त झाली, हातातलं कसब त्यांच्याबरोबर गेलं. 1999 मध्ये तीस वर्षांत 24 पाणबुड्या बांधायची योजना मंजूर झाली. त्यातल्या फक्त सहा हाती लागल्या. माणसांची कुवत कमी पडली नव्हती, काम अखंड मिळालं नाही.

जिथे काम तुटलं नाही तिथे काय झालं, याचं उत्तर 'अरिहंत' आहे. कवचाचे भाग गुजरातेत हजिऱ्याला झाले, जुळणी विशाखापट्टणमला. अणुभट्टी भाभा अणुसंशोधन केंद्राची, तिचा जमिनीवरचा नमुना कल्पाक्कमला. गिअरबॉक्स आपल्या इंदापूर तालुक्यातल्या वालचंदनगरची. रशियन तज्ज्ञांनी सल्ला दिला, आणि डॉ. अनिल काकोडकरांनी जाहीरपणे त्यांचे आभार मानले होते. सल्ला घेतला म्हणून काम परक्याचं होत नाही. 2009 मध्ये ती पाण्यात उतरली, 2016 मध्ये सेवेत आली, आणि ऑगस्ट 2024 मध्ये तिच्यामागून तिच्याच वर्गाची 'अरिघात' आली.

'मग 'अरिहंत' पुरे की.' दोघींची कामं वेगळी आहेत. 'अरिहंत' अण्वस्त्रधारी क्षेपणास्त्रं घेऊन गुपचूप लपून राहते, कुणाच्या वाटेला न जाणं हेच तिचं कर्तव्य. हल्लेखोर पाणबुडीने शत्रूची जहाजं आणि पाणबुड्या शोधायच्या, दिवसेंदिवस पाठलाग करायचा, आपल्या विमानवाहू नौकेच्या पुढे राहायचं. डिझेल-इलेक्ट्रिक पाणबुडी पूर्ण वेगाने पळाली तर काही तासांत बॅटरी उतरते, आणि ती भरायला पृष्ठभागाजवळ येऊन हवा घ्यावी लागते. अणुभट्टी असली की हा वेग आठवडेच्या आठवडे टिकतो. 'अरिहंत'च्या अणुभट्टीची क्षमता 83 मेगावॉट सांगितली जाते. वेगासाठी त्याहून बरीच मोठी लागेल, आणि ती शांतही असायला हवी. 2013 च्या अखेरीस चीनची अणुपाणबुडी हिंदी महासागरात फिरून गेली. तिच्या मागावर राहायला आपल्याकडे तेव्हा रशियाची भाड्याची 'चक्र' तेवढी होती. आज तीही नाही.

ड्रोनचा मुद्दा लवकर संपतो. रडार आणि रेडिओलहरी समुद्राच्या पाण्यात फार आत जात नाहीत. आकाशातल्या ड्रोनला 200 मीटर खाली काय चाललंय ते कळत नाही. ड्रोन आणि क्षेपणास्त्रांनी धोका वाढवलाय तो पाण्यावरच्या जहाजांचा. 2022 मध्ये काळ्या समुद्रात बुडालेली रशियन युद्धनौका 'मोस्क्वा' त्याची साक्ष आहे.

'तयार घ्या, स्वस्त आणि लवकर.' कोणाकडून? ब्राझीलने 2008 मध्ये फ्रान्सशी करार केला. फ्रान्सने स्कॉर्पीन दिल्या, अणुपाणबुडीच्या कवचासाठी मदत कबूल केली, पण अणुभट्टी ब्राझीलने स्वतःच करायची. रशिया भाड्याने देतो. 'चक्र' 2012 मध्ये दहा वर्षांसाठी आली, भाडं सुमारे एक अब्ज डॉलर, 2021 मध्ये परत गेली. 2019 मध्ये तीन अब्ज डॉलरच्या घरात पुढचा करार झाला; ती 2025 पर्यंत यायची होती, आली नाही. ऑस्ट्रेलियाने 2016 मध्ये फ्रेंच पाणबुडी निवडली, 2021 मध्ये तो व्यवहार मोडला आणि नेव्हल ग्रुपला 83 कोटी ऑस्ट्रेलियन डॉलर भरपाई दिली. आता अमेरिका-ब्रिटनच्या साथीने अणुपाणबुड्या मिळवायच्या त्यांच्या योजनेचा सरकारी अंदाज तीन दशकांत 368 अब्ज ऑस्ट्रेलियन डॉलरपर्यंत जातो. अमेरिकेचे इतके जवळचे मित्र असून ही स्थिती. आपल्याला कोण स्वस्तात देणार?

आपल्याकडे दोन पाणबुड्यांचा खर्च 35 ते 40 हजार कोटींच्या आसपास असल्याच्या बातम्या होत्या. रक्कम मोठी आहे, वाढेलही, पण ती विशाखापट्टणम, हजिरा, वालचंदनगर आणि भाभा केंद्राचं तुर्भे (ट्रॉम्बे) इथल्या कामात मुरेल. डिसेंबर 2024 मध्ये तेव्हाचे नौदलप्रमुख ॲडमिरल दिनेश त्रिपाठी यांनी पहिली पाणबुडी 2036-37 मध्ये आणि दुसरी त्यानंतर दोन वर्षांनी येईल असं सांगितलं होतं. उशीर आहेच, आणि मला घोर त्याचाच आहे. 'वाघशीर' जानेवारी 2025 मध्ये नौदलाला दिली गेली. पुढच्या सहा डिझेल पाणबुड्यांची निविदा 2021 मध्ये निघाली, तरी 2025 च्या सप्टेंबरात माझगावची बोलणी नुकती सुरू होत होती. 'शंकुल'नंतर जसा खंड पडला तसा 'वाघशीर'नंतर पडू द्यायचा नसेल, तर सरकारकडे मागणी लावून धरायची ती या करारांच्या तारखांची.