आशाताईंच्या भेटींचा हिशोब लावताना

गावाकडच्या आमच्या ग्रुपवर आशाताईंच्या मानधनावरून परत वाद पेटलाय. एकाचं म्हणणं, घरोघरी फिरून काय होतं, इंग्लंडमध्ये सुद्धा अशा भेटींचा उपयोग नाही असं निघालं, मग पैसे वाढवायचे कशाला. मी इंग्लंडमध्येच राहते, लीड्सला, आणि असं अर्धवट वाचून कुणी बोललं की मला खरंच राग येतो.

तो अभ्यास फॅमिली नर्स पार्टनरशिपचा. मूळचा अमेरिकेतला प्रोग्रॅम, अभ्यासाच्या वेळी इथे १९ वर्षांपर्यंतच्या पहिलटकरणींकडे एकच नर्स गरोदरपणापासून मूल २ वर्षांचं होईपर्यंत येत राहायची. २०१५ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात ट्रायलचा, म्हणजे काहींना ही नर्स देऊन आणि काहींना न देऊन केलेल्या तुलनेचा, निकाल आला, सोळाशेवर मुली होत्या, आणि गरोदरपणातली सिगरेट, बाळाचं जन्मवजन, दोन वर्षांत परत दिवस जाणं, बाळाला इमर्जन्सीत न्यावं लागणं या चारही मुख्य गोष्टींत फरक दिसला नाही. हे खरंय. पण ज्यांच्याकडे ही नर्स गेली नाही त्या मुली काही वाऱ्यावर नव्हत्या ना! बाळंतपणाची मिडवाइफ होती, जीपी म्हणजे फॅमिली डॉक्टर होता, बाळ झाल्यावर घरी येणारी नर्स म्हणजे हेल्थ व्हिजिटर होती, सगळं फुकट. माझ्या लेकीच्या वेळी अशीच हेल्थ व्हिजिटर घरी आली, बाळाचं वजन केलं आणि मग बराच वेळ माझ्याशीच बोलत बसली, झोप मिळते का, रडू येतं का, घरात मदतीला कोण आहे. म्हणजे एवढं सगळं आधीच असताना वर आणखी एक नर्स दिली तर किती फरक पडतो, एवढंच त्या ट्रायलने तपासलं. आणि तीच मुलं शाळेत गेल्यावर बघितली तेव्हा थोडी का होईना पुढे दिसली, ते तर कुणी फॉरवर्डच करत नाही.

आता आपलं गडचिरोली बघा. डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने ३९ गावांत गावातल्याच बायकांना शिकवलं, त्या बाळंतिणीच्या घरी जायच्या, बाळाला ऊब द्यायच्या, श्वास बघायच्या, जंतुसंसर्ग झाला तर इंजेक्शन द्यायच्या. शेजारच्या ४७ गावांत हे नव्हतं. १९९९ मध्ये निकाल छापून आला, नवजात मृत्यू तुलनेत ६२ टक्क्यांनी कमी! त्या बाळांपाशी दुसरं कुणी पोचतच नव्हतं म्हणून एवढा फरक, आणि महत्त्वाचं म्हणजे दोन्हीकडच्या गावांत जन्म-मृत्यू नीट मोजले होते. २०११ मध्ये देशभर आशाताईंकडे असंच घरभेटींचं काम आलं ते यातूनच. दवाखान्यात बाळंतपण झालं तर ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी भेट, आणि सुरुवातीला ठरले ते सगळ्या भेटींचे मिळून २५० रुपये.

इथलं सगळं छान चाललंय असंही नाही, गेल्या दहा वर्षांत इंग्लंडमध्ये हेल्थ व्हिजिटर खूप कमी झाल्या आणि बऱ्याच आयांना फोनवरच भागवावं लागतं. पण म्हणून भेटी निरुपयोगी होत नाहीत, उलट.

माझी तक्रार आहे ती आपल्याकडच्या मोजमापाबद्दल. पैसे भेटींवर, फॉर्म भेटींचा, मग वरच्यांना आकडा भेटींचाच दिसणार. सहा खुणा झाल्या म्हणजे बाळ बरं आहे असं होत नाही. दुसऱ्या तालुक्यातलं कुणीतरी येऊन थोड्या घरांतल्या आयांना विचारा, ताईने बाळाला उघडून बघितलं का, आजारी बाळ दवाखान्यात पोचलं का, तुमची कुणी चौकशी केली का. आणि हे होईपर्यंत मानधनवाढ अडवून ठेवू नका, फॉर्म तिने बनवलेला नाही.