‘द बॅटल ऑफ अल्जियर्स’ प्रचारपट नाही

अल्जेरियाच्या स्वातंत्र्यलढ्यावरच्या या १९६६ सालच्या चित्रपटाबद्दल एक मजकूर सारखा फिरत असतो: एफएलएनने, म्हणजे तिथल्या राष्ट्रीय मुक्ती आघाडीने, स्वतःची आरती ओवाळून घेतली आहे, त्यात फ्रेंच म्हणजे राक्षस, बॉम्बस्फोटांचा गौरव आणि छळाची दृश्यं तिखटमीठ लावून दाखवलेली. मला हे अजिबात पटत नाही.

निर्मात्याबद्दलचा मुद्दा खरा आहे. एफएलएनचा कसब्यातला, म्हणजे अल्जियर्सच्या जुन्या अल्जेरियन वस्तीतला म्होरक्या सादी यासेफ चित्रपटाचा निर्माता होता आणि पडद्यावरची त्याची भूमिकाही जवळपास स्वतःचीच होती. पण त्याने आधी आणलेली पटकथा दिग्दर्शक जिल्लो पोन्तेकोर्वोने नाकारली होती. कारण? ती प्रचारकी होती. फिरत्या मजकुरात एवढंच नेमकं गाळलेलं असतं.

फ्रेंच राक्षस? चित्रपटातला फ्रेंच लष्करी अधिकारी कर्नल मात्यू शांत आहे, हुशार आहे. पत्रकारांना तो सरळ विचारतो: फ्रान्सने अल्जेरियात राहायला हवंय ना? मग त्यासोबत जे जे येईल ते पदरात घ्या. उलट पहिल्याच दृश्यात दिसतो तो छळाने मोडून पडलेला, साथीदाराचा ठावठिकाणा सांगून बसलेला अल्जेरियन. सैनिक त्याला कॉफी पाजतात, आपला गणवेश त्याच्या अंगावर चढवतात, आणि त्याला रडू आवरत नाही.

आता बॉम्ब. एफएलएनने पोलिसांना गोळ्या घातल्या, हे चित्रपट आधी दाखवतो. मग १० ऑगस्ट १९५६ला कसब्यातल्या र्यू द तेब गल्लीत युरोपियनांनी घडवलेला स्फोट, आणि त्यानंतर ३० सप्टेंबरला एफएलएनने मिल्क बारसारख्या युरोपियनांच्या कॅफेंमध्ये ठेवलेले बॉम्ब. एका कॅफेत बाई बॉम्बची पिशवी ठेवते आणि आजूबाजूला बघते. कॅमेरा तिच्याच नजरेने एकेका चेहऱ्यावर थांबतो. एक लहान मूल आइस्क्रीम खातंय. ते मूल आपल्याला दिसावं म्हणूनच तिथे आहे. गौरवच करायचा असता तर कॅमेरा तिकडे वळलाच नसता. पुढे ढिगाऱ्यातून माणसं काढताना वाजतं ते संगीतही तेबच्या मृतांसाठी वाजलेलंच.

एक आक्षेप मात्र मी मान्य करतो. मे १९५७मध्ये अल्जेरियातल्या मेलुझा गावात एफएलएनने सुमारे ३०० गावकरी मारले. त्याचा चित्रपटात मागमूसही नाही. कथा अल्जियर्स शहराची आहे हे खरं, तरी ही उणीव मला खुपते.

राहिला छळ. त्याला तिखटमीठ लावायची गरजच नव्हती. जानेवारी १९५७मध्ये शहराचे पोलिसी अधिकार जनरल मास्यूच्या छत्रीधारी सैनिकांकडे गेले. अल्जियर्समधले वरिष्ठ फ्रेंच पोलीस अधिकारी पॉल तेतजेन यांनी गेस्टापोचा छळ स्वतः सोसला होता. कैद्यांच्या अंगावरच्या खुणा त्यांनी ओळखल्या. त्यांनी पद सोडलं. बेपत्ता माणसांचा त्यांचा आकडा ३,०२४ होता. एफएलएनचा नेता लारबी बेन म्हिदी याने कोठडीत आत्महत्या केली, असं लष्कराने जाहीर केलं होतं; चित्रपटातही पत्रकारांना तेच सांगितलं जातं. त्याला फ्रेंच सैनिकांनी मारलं, हे फ्रान्सच्या राष्ट्राध्यक्षांनी मान्य केलं १ नोव्हेंबर २०२४ला.