आपद्ग्रस्तांसोबत नाटक करण्याआधी

पूर, भूकंप किंवा चक्रीवादळ येऊन गेल्यावर मदतीची जी यादी तयार होते तिच्यात धान्य, औषधे, ताडपत्र्या आणि तात्पुरती घरे असतात. नाटक, गाणे, चित्रकला यांना तिच्यात बहुधा जागा नसते आणि असलीच तर ‘मुलांसाठी मनोरंजन’ एवढ्या एका ओळीत तो विषय संपतो. मला हे मान्य नाही. लोकांनी एकत्र येऊन केलेले नाटक हा मदतकार्याचा गंभीर भाग आहे असे मी मानतो, आणि तो गंभीर आहे म्हणूनच तो बेफिकिरीने हाताळला तर माणसांना इजाही होऊ शकते.

आपत्तीनंतर लगेच सर्वांना एका बैठकीत बसवून घडलेला प्रसंग तपशीलवार सांगायला लावले की मन मोकळे होते, असा समज बराच काळ रूढ होता. अशा एका बैठकीने पुढचा मानसिक आजार टळत नाही, काहींचा त्रास उलट वाढू शकतो, हे नंतरच्या अभ्यासांतून पुढे आले आणि जागतिक आरोग्य संघटनेनेही ही पद्धत वापरू नये अशी शिफारस केली. मात्र सद्हेतूने छावणीत पोहोचलेले काही कलावंत आजही पहिल्याच दिवशी ‘त्या रात्री काय घडले ते करून दाखवा’ असे सांगतात. ज्या मुलाच्या डोळ्यांदेखत घर वाहून गेले त्यालाच पाहुण्यांसमोर बुडण्याचा अभिनय करायला लावणे याला मी उपचार म्हणणार नाही, मग टाळ्या कितीही पडोत.

कलेचे बळ वेगळ्या ठिकाणी आहे. आपत्ती माणसाकडून घर आणि माणसे तर नेतेच, पण कशावरही आपला अधिकार चालत नाही ही भावना मागे ठेवून जाते. पुढे छावणीत कुठे झोपायचे, काय खायचे, कोणत्या रांगेत उभे राहायचे हेही दुसरेच ठरवतात. नाटकाच्या तालमीत मात्र प्रसंग कुठे सुरू करायचा, कुठे थांबवायचा, शेवट कसा करायचा हे त्याच माणसाला ठरवता येते. जोनाथन फॉक्स आणि जो सालस यांनी १९७५ मध्ये अमेरिकेत सुरू केलेल्या प्लेबॅक थिएटरची रीत मला म्हणूनच मोलाची वाटते. तिथे प्रेक्षकांतील एखादी व्यक्ती स्वेच्छेने आपला अनुभव सांगते, आपली भूमिका कोणत्या नटाने करायची ते निवडते आणि मग बाजूला बसून तो अनुभव उभा राहताना पाहते. तिला स्वतःला पुन्हा त्या पाण्यात उतरावे लागत नाही.

ब्राझीलचे ऑगस्तो बोआल यांचे फोरम थिएटर आजच्या अडचणींना हात घालते. मदतीच्या रांगेत एकट्या बाईला मागे ढकलले जाते, रात्री शौचालयापर्यंत जाण्याची भीती वाटते, घराची कागदपत्रेच वाहून गेल्याने भरपाई अडकते. असा एखादा प्रसंग नट अडचणीच्या टोकापर्यंत नेतात, तो पुन्हा सुरू होतो आणि प्रेक्षकांपैकी कोणीही मध्येच थांबवून त्या पात्राची जागा घेऊन वेगळा मार्ग करून पाहतो. छावणीतील बरीचशी घालमेल भूतकाळाइतकीच उद्याची असते, त्यामुळे या सरावाचे मोल मला फार मोठे वाटते.

नाटक मनोविकारतज्ज्ञाची जागा घेऊ शकत नाही, हेही तितक्याच स्पष्टपणे म्हटले पाहिजे. आपत्तीतील मानसिक आधाराविषयी २००७ मध्ये आलेल्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांत मदतीचा चार थरांचा पिरॅमिड मांडला आहे. त्याच्या पायाशी सुरक्षितता आणि मूलभूत सेवा, त्यावर कुटुंब व समाजाचा आधार आणि अगदी टोकाला तज्ज्ञांचे उपचार येतात. सामूहिक कला दुसऱ्या थरातली आहे. पोटात अन्न नसताना ती निरुपयोगी ठरते, आणि ज्याची झोप महिनोन्महिने उडाली आहे त्याला तज्ज्ञापर्यंत पोहोचवणारी वाट तिच्या शेजारीच हवी.

बाहेरून जाणाऱ्यांनी तिथे आधीपासून कोणती कला आहे हे प्रथम विचारावे. ११ मार्च २०११ च्या त्सुनामीत जपानच्या ईशान्य किनाऱ्यावरील अनेक वस्त्यांचे पारंपरिक नृत्यांचे मुखवटे आणि ढोल वाहून गेले. लोकांनी ते शोधून काढले, नवे घडवले आणि विखुरलेली माणसे त्या नृत्यांसाठी पुन्हा एकत्र आली. फिलिपिन्समध्ये नोव्हेंबर २०१३ च्या हैयान वादळाने सहा हजारांहून अधिक बळी घेतल्यानंतर, १९६७ पासून काम करणाऱ्या ‘पेटा’ या नाट्यसंस्थेने लेटे भागातील मुलांसोबत नाट्यकार्य केले आणि त्यात पुढच्या आपत्तीची पूर्वतयारीही आणली. भीती वाटण्याच्या विषयाची मुलांनी स्वतः तालीम करावी, ही मला त्यातली सर्वांत शहाणपणाची गोष्ट वाटते.

निधी देणाऱ्यांकडे माझी मागणी साधी आहे. प्रयोगाची छायाचित्रे आणि प्रेक्षकसंख्या मागू नका. तालमींना पैसे द्या, आणि ते पहिल्या महिन्यापुरते न देता दुसऱ्या वर्षासाठीही राखून ठेवा, कारण बाहेरची वर्दळ तोवर ओसरलेली असते आणि दुःख मात्र तिथेच असते. स्थानिक तरुणांना प्रशिक्षण द्या आणि त्यांना त्या कामाचे मानधन द्या. सहभागी व्हायला नकार देणाऱ्याला कारण विचारू नका. ज्याला फक्त ढोल वाजवायचा आहे किंवा नुसते पडदा धरून उभे राहायचे आहे, त्याचीही नोंद सहभागी म्हणूनच करा.