रोजचा चहा सोडून कोणी करोडपती होत नाही

सध्या एक मेसेज फिरतोय : ‘गरीब गरीबच का राहतो? अर्थशास्त्राची पाच उत्तरं.’ एक, गरज आधी आणि मौज नंतर हा अर्थशास्त्राचा नियम गरिबाला कळत नाही. दोन, रोजचा २० रुपयांचा चहा सोडा, ३० वर्षांत करोडपती व्हा. तीन, शाम्पूची एक रुपयाची पुडी महाग पडते, मोठी बाटली घ्या. चार, मोबाइलचा रिचार्ज ही चैन आहे. पाच, नोबेलविजेते अभिजित बॅनर्जी यांनीही दाखवून दिलंय की गरीब लोक सण आणि दारूवर पैसे उधळतात.

एरवी असले मेसेज मी न वाचताच पुसते. पण आमच्या आतेभावाने हा आपल्या ड्रायव्हरला पाठवला. ड्रायव्हरने पोरीच्या फीसाठी उचल मागितली होती, त्याला उत्तर म्हणून!

पहिला मुद्दा. बारावीच्या अर्थशास्त्रात घटत्या सीमान्त उपयोगितेचा सिद्धांत असतो, तो हा मेसेज लिहिणाऱ्याने ऑप्शनला टाकला असावा. एखादी वस्तू जसजशी जास्त मिळत जाते, तसतसं पुढच्या नगातून मिळणारं समाधान कमी होतं. यावरून हेर्मान गॉसेन या जर्मन माणसाने १८५४ मध्ये खर्चाचा नियम मांडला : हातातला पैसा असा वाटा की प्रत्येक ठिकाणी गेलेला शेवटचा रुपया सारखंच समाधान देईल. त्यात ‘गरज’ आणि ‘मौज’ अशा दोन रांगा नाहीत. चार भाकऱ्या खाऊन झालेल्या माणसाला पाचवीपेक्षा पहिला कप चहा जास्त सुख देत असेल, तर पुढचा रुपया चहावरच जायला हवा. मेसेजवाला ज्याला चूक म्हणतो तोच हा नियम आहे.

आता तो करोडपती चहा. रोजचे २० म्हणजे महिन्याचे ६००. दरमहा ६०० रुपये वर्षाला १२ टक्के परताव्याने ३० वर्षं गुंतवले, तर सुमारे २१ लाख होतात. एक कोटी नाही. कोटी हवा असेल तर वर्षाला जवळपास १९ टक्के परतावा, तोही सलग ३० वर्षं, मिळवावा लागेल. असा परतावा कुठे मिळतो ते मेसेजवाल्याने मलाही कळवावं. शिवाय महागाई ६ टक्के धरली तर त्या २१ लाखांची किंमत आजच्या साडेतीन-पावणेचार लाखांएवढीच. एवढ्यासाठी ३० वर्षं, बारा-बारा तास गाडी चालवणाऱ्या माणसाने चहा प्यायचा नाही. आणि बाहेरच्या चहा-फराळाचा एवढा राग असेल तर २०२२-२३ चं सरकारी उपभोग सर्वेक्षण बघा : पेयं आणि तयार खाद्यपदार्थांवर ग्रामीण भागात खर्चाचा ९.६ टक्के वाटा गेला, शहरात १०.६. म्हणजे यात शहरवालेच पुढे.

चहाबद्दल एक गोष्ट मात्र मान्य करावी लागते, आणि ती बॅनर्जी आणि त्यांच्याबरोबर नोबेल मिळालेल्या एस्थर डुफ्लो यांनीच नोंदवली आहे. त्यांनी पाहिलेल्या चेन्नईतल्या हातगाडीवाल्या फळविक्रेत्या रोज सकाळी साधारण हजार रुपये उचलायच्या आणि संध्याकाळी व्याजासकट फेडायच्या. व्याज दिवसाला ४.६९ टक्के, म्हणजे हजारामागे ४७ रुपये, रोज. या बायकांनी तीन दिवस दोन-दोन कप चहा कमी प्यायला, तेवढी उचल कमी केली आणि वाचलेलं व्याजही त्यातच घातलं, तर ९० दिवसांत त्या कर्जमुक्त होतात. चहा सोडून फायदा होतो तो असा. पण हिशेब पुन्हा वाचा. चहाचे सहा कप एवढे मौल्यवान ठरतात ते व्याज राक्षसी आहे म्हणून. बँकेच्या व्याजाने पैसा मिळणाऱ्याने तेच सहा कप सोडले तरी त्याला फारसं काही मिळत नाही. म्हणजे गरिबाच्या बजेटातली सगळ्यात महाग वस्तू चहा नव्हे, उसना पैसा. मालकाने उचल नाकारली म्हणून पोरीची फी टळत नाही. माणूस सावकाराकडे जातो. ज्या एका खर्चात आतेभाऊ खरोखर बचत करून देऊ शकला असता, तिथे त्याने उपदेश पाठवला.

पुडीचं उत्तर दुकानातच मिळेल. पुडीवरचे मिलिलिटर वाचा, बाटलीवरचे वाचा आणि भागाकार करा. शाम्पूच्या बाबतीत आपल्याकडे बहुतेक वेळा पुडीच स्वस्त पडते. चहापत्ती, तेल मोठ्या पॅकमध्ये स्वस्त मिळतं, हे खरं. पण त्यासाठी रक्कम एकदम हातात असावी लागते.

रिचार्ज? रात्री अकराला ‘उद्या सहाला गाडी काढ’ असा फोन येतो तो कशावर?

राहिले बॅनर्जी. (आई निर्मलाताई माहेरच्या पाटणकर, म्हणून आपल्याकडे त्यांचं नाव जरा जास्तच हक्काने घेतलं जातं.) बॅनर्जी-डुफ्लोंचा २००७ चा लेख १३ देशांतल्या गरीब कुटुंबांच्या पाहण्यांवर आहे. दारू, तंबाखू आणि सण यांवरचा खर्च पूर्ण थांबवला तर उदयपूरचं गरीब कुटुंब अन्नावर ३० टक्क्यांपर्यंत जास्त खर्च करू शकेल, असं त्यात म्हटलंय खरं. मेसेजवाला इथेच थांबला. त्याच लेखात हेही आहे की उदयपूरच्या या कुटुंबांमध्ये रेडिओ-टीव्ही फार थोड्यांकडे होते आणि सणांवरचा खर्च वर्षाच्या बजेटच्या साधारण १० टक्के होता. जिथे रेडिओ-टीव्ही जास्त घरांत आहेत, तिथे सणांवर कमी पैसा जातो. म्हणजे करमणुकीचं एक साधन नसलं की लोक दुसऱ्यावर खर्च करतात, जसं तुम्हीआम्ही करतो. याला उधळपट्टी म्हणणारं वाक्य त्या लेखात नाही, ते मेसेजवाल्याचं स्वतःचं आहे.