हिरवळ मेली नाही, तिचा श्वास कोंडलाय

वळवाची पहिली सर येऊन गेली की आमच्या कोल्हापुरात कट्ट्यावर ऊस आणि आंबा हे दोनच विषय चालतात. परवा मात्र कॉलनीच्या बागेतल्या हिरवळीवरून जुंपली. रविवारी बैठक आहे. चार गुंठ्यांचं ते लॉन उपटून गवताचं नवीन तयार कार्पेट टाकायचं, की सरळ पेव्हर ब्लॉक बसवून मोकळं व्हायचं, हे तिथं ठरणार.

मी कट्ट्यावर जाताना बागेतून खुरप्यानं वीतभर ढेकूळ काढून वर्तमानपत्रात गुंडाळून नेलं होतं. पिंट्यानं ते बघितलं आणि म्हणाला, "हे काय माती घेऊन आलास? अरे, गेलंय ते लॉन. सगळीकडं टक्कल पडलंय. ब्लॉक बसवले की पोरं खेळतील, गाड्या लागतील, कटकट मिटली."

पिंट्या बांधकामाची छोटी कामं घेतो. तो काही स्वार्थानं बोलत नव्हता, त्याला खरंच तसं वाटत होतं. पण मला ते लागलं. त्या हिरवळीवर माझी पोरगी रांगायला शिकली आहे.

चहाच्या गाड्याच्या दिव्याखाली मी ढेकूळ फोडलं. वरची दोन बोटं माती विटेसारखी, अंगठ्याचं नखसुद्धा शिरेना. पात्या करड्या, वाळक्या. पण त्याखाली पेर असलेली काडी निघाली. नखानं खरवडली तर आत पांढरी, ओली. पेरापाशी तांदळाच्या कणीएवढा कोंब.

आप्पांनी ती काडी हातात घेतली. आप्पांचा वडणगे रस्त्याला ऊस आहे. "अरे, ही तर हरळी!"

"हरळीच, आप्पा. नर्सरीवाले सिलेक्शन वन म्हणून विकतात, पण आहे ती हरळीचीच निवडक जात."

"आमी जन्मभर रानातनं हरळी खणून बांधावर टाकली, आन् तुमी पैसं देऊन आणली व्हय! ही मरत न्हाई बाबा. एक पेर ऱ्हायलं तरी पावसाळ्यात पुन्हा हाय."

माझंही म्हणणं तेच होतं. गणपतीला वाहतो ती दूर्वा म्हणजे हीच. ऊस, ज्वारी, मका यांच्यासारखं हे उन्हाळी गवत आहे, सत्तावीस ते पस्तीस अंशांच्या उकाड्यात जोमानं वाढणारं. थंडीत ती मंदावते, पिवळी पडते, आणि आपल्याला वाटतं मेली. डिसेंबर-जानेवारीत तिची फार चिंता करायची नसते. पण मेच्या मध्यावर, एवढं ऊन असताना ती विरळ असेल, तर तिच्या वाटेत काहीतरी आडवं येतंय.

आप्पा म्हणाले, "हुमणी. दुसरं काय असणार?"

हा मुद्दा मी झटकला नाही. हुमणीनं मुळं खाल्ली की गवत गोधडीसारखं गुंडाळून हातात येतं. पण अळ्या मुळं कुरतडतात त्या पावसाळ्यात. आत्ता वळवानंतर हुमणीचे भुंगेरे जमिनीतून वर येतात आणि अंधार पडताना कडुलिंब, बाभळीवर जमतात. माझ्या ढेकळात अळी नव्हती आणि गवत ओढलं तर तुटत होतं, उपटून येत नव्हतं. आप्पांनी स्वतः ओढून बघितलं आणि मान हलवली. "हुमणी न्हाई. पण भुंगेरं आत्ताच हलवून पाडा. फांदी झाडायची, खाली रॉकेल घातलेल्या पाण्याची पाटी. ऑगस्टात रडू नका." हे काम आम्ही लगेच त्यांच्याकडंच सोपवलं.

मग मास्तरांनी पाण्याचा विषय काढला. "माळी रोज सकाळ-संध्याकाळ पाइप धरतो. अजून किती पाणी द्यायचं?"

घोळ तिथंच आहे. रोज पाच मिनिटं पाइप फिरवला की वरची अर्धी बोट माती भिजते, मुळं वरच राहतात आणि दुपारच्या उन्हात होरपळतात. त्यापेक्षा आठवड्यातून दोनदा खोल पाणी द्यावं, आठवड्याला साधारण इंचभर. गवतात रिकामा डबा ठेवला की किती पडलं ते कळतं. मास्तरांना हे पटेना. त्यांच्या मते मे महिन्यात दोनदा पाणी म्हणजे अत्याचार. मी म्हणालो, एका कोपऱ्यात तीन आठवडे करून बघू. त्यावर ते तयार झाले.

खरा वाद पेटला तो बागेतल्या रेनट्रीवरून. लॉन घातलं तेव्हा ते झाड खांद्याएवढं होतं. आता त्याची सावली जवळपास अर्ध्या बागेवर असते. मी गेल्या रविवारी दर तासाला जाऊन ऊन कुठं पडतंय ते बघितलं. पश्चिमेच्या बाजूला सकाळी नऊ ते चार. झाडाखाली जेमतेम दोन तास. हरळीला निदान सहा तास थेट ऊन लागतं. सावलीत ती ऊन शोधत लांबट होते, विरळ होते आणि संपते. त्या जागी जगातलं सर्वात महागडं कार्पेट टाकलं तरी दोन पावसाळ्यांत हेच होणार.

"मग झाड तोडा," पिंट्या म्हणाला.

वहिनी चहा घ्यायला थांबल्या होत्या, त्या कडाडल्या. "झाडाला हात लावायचा नाही! आणि वृक्ष प्राधिकरणाची परवानगी न घेता फांदीसुद्धा छाटता येत नाही. 1975 पासून कायदा आहे."

मी पूर्ण वहिनींच्या बाजूचा आहे. गवतासाठी झाड पाडणं हा वेडेपणा आहे. झाडाखालचा तुकडा गवताचा हट्ट सोडून द्यावा, तिथं स्पायडर लिली लावावी, पाला तसाच कुजू द्यावा. उरलेले अडीच गुंठे मात्र वाचवायचे.

त्यासाठी लागतं ते सगळं आपल्या हातातलं आहे. माळी महिन्याकाठी भाड्याचं मशीन आणून गवत मुंडण केल्यासारखं कापतो. पाती गेली तर गवतानं जेवण शिजवायचं कशावर? एका वेळी उंचीच्या तिसऱ्या हिश्श्यापेक्षा जास्त कापू नये, इंच-दीड इंच उंची ठेवावी, पावसाळ्यात आठवड्याला एकदा. मशीनच्या चाकांचा खटका वर घ्यायचा, एवढंच.

दुसरं, दाबलेली माती मोकळी करणं. पाऊस लागला, माती ओली झाली की पहारीनं दर अर्ध्या फुटावर चार बोटं खोल भोकं पाडायची. आप्पांनी इथं माझी चूक काढली. नुसती पहार टोचली तर भोकाच्या कडा आणखी दाबल्या जातात, म्हणून टोचून थोडी हलवायची. रानात राबलेल्या माणसाचं बोलणं वेगळंच. मग चाळलेली वाळू, माती आणि गांडूळखत पसरायचं, पण पात्यांची टोकं वर दिसली पाहिजेत. टक्कल पडलंय तिथं कडेच्या पायवाटेवर पसरलेल्या हरळीच्या दोन-तीन पेरांच्या काड्या चार-चार बोटांवर टोकायच्या. नवीन बेणं विकत कशाला?

फुटवा दिसला की जूनमध्ये युरिया गुंठ्याला किलोभर, ओल्या मातीवर, वरून पाणी. ऑगस्टात पुन्हा तेवढाच. लव्हाळ्याचं तण मात्र हातानं वर ओढू नका, खालचा गड्डा तसाच राहतो. खुरप्यानं खोल काढा.

शेवटी प्रश्न पोरांचा. मास्तर म्हणाले, दोन महिने क्रिकेट बंद. मला हे मान्य नव्हतं. ज्यांच्यासाठी हिरवळ आहे त्यांनाच हाकलून ती कोणासाठी वाचवायची? सुंभाची दोरी बांधून आधी अर्धी बाग सहा आठवडे राखू, मग उरलेली अर्धी. स्टंप दर आठवड्याला दुसरीकडं रोवायचे. गल्लीतल्या पोरांनी हे ऐकलं आणि दोरी धरायला आपणच येऊ म्हणाली.

पिंट्या बराच वेळ गप्प होता. ढेकळातली ती काडी त्यानं उचलली, गाड्यावरच्या पाण्याच्या पेल्यात उभी ठेवली आणि म्हणाला, "वाळू चाळायची चाळण माझ्याकडं आहे, सोमवारी आणतो. पण दसऱ्यापर्यंत हिरवं दिसलं नाही तर ब्लॉकचा विषय मी पुन्हा काढणार."

"काढ की," आप्पा म्हणाले, "पहार मी आणतोय."